घरगुती खिमा मशीन सारखं अडकतंय? मोटर बदलण्याआधी जाळी उघडून बघा

तक्रार एकच असते, गाव तेवढं बदलतं. हाताने फिरवायचं २२ नंबरचं खिमा मशीन आणलं, त्याला घरघंटीची जुनी मोटर जोडली, अँगलचं स्टँड वेल्ड करून घेतलं. पहिला दोन किलो खिमा एकदम मोकळा, दाणेदार पडला. मग खिम्याची धार बारीक झाली, जाळीतून खिम्याऐवजी पांढरट लगदा यायला लागला, पट्टा किंचाळला आणि मशीन बसलं. उघडलं, धुतलं, परत जोडलं. परत दोन किलो चाललं आणि परत बसलं. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, कुठूनही फोन आला तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, मशीन परत अडकी गयं. आते दोन एचपीची मोटर टाकू का?"

नका टाकू. माझं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, अशी मशीनं दुरुस्तीला येतात, आणि त्यांत मोटर खरोखर कमी पडलेली क्वचितच निघते. साधा हिशोब करून बघा. हँडल साधारण २० सेंटीमीटरचं असतं. धडधाकट माणूस त्यावर १५ किलोचा जोर लावतो, म्हणजे आतल्या स्क्रूला सुमारे ३० न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो. १ एचपीची १४४० आरपीएमची मोटर दहास एक या प्रमाणात उतरवली, की स्क्रू मिनिटाला १४४ फेऱ्यांनी फिरतो आणि कागदावर जवळजवळ ५० न्यूटन-मीटर पीळ येतो. पट्ट्यांत आणि बेअरिंगांत थोडा गेला तरी ४० उरतोच. जे मटण हाताने दळलं जातं, ते या मोटरने दळलं गेलंच पाहिजे. तरी मशीन बसत असेल तर दोष पात्याच्या आणि जाळीच्या बैठकीत आहे किंवा मटण गरम आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही. दोन एचपी टाकलीत तर अडकणं थांबणार नाही, बिडाचा स्क्रू किंवा मशीनचा गळा तुटेल.

हे सगळं सुरू कुठून होतं, तेही सांगतो. मोटरवर चालणाऱ्या घरगुती खिमा मशीनचे नकाशे आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिका-कॅनडाकडच्या शिकाऱ्यांचे आहेत. तिकडे परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते, हंगाम थंडीच्या तोंडावर असतो आणि मांस रात्रभर अर्धवट गोठवून सकाळी गॅरेजमध्ये दळतात. गॅरेजच फ्रिजसारखं गार असतं. आपल्याकडे ती शिकार गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे हरीण, ससा, तितर, रानडुक्कर काहीही मारणं, त्याचं मांस जवळ ठेवणं किंवा विकणं चालत नाही. यावल आणि अनेर धरण अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रानडुकरांनी मका-केळी उकरली तर वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागायची, मशीन काढायचं नाही. म्हणून इथे पुढे जे आहे ते बोकड, मेंढी आणि कोंबडीपुरतं आहे. पण तो नकाशा थंड मांसासाठी बनलाय हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे आखाडात गल्लीतले चार-सहा जण मिळून बोकड घेतात, वाटे पडतात आणि तासाभरात मटण मशीनमध्ये जातं. बोकडाच्या अंगाची ऊब ३९ अंशांची, ती अजून गेलेली नसते. मेमध्ये तर जळगाव-भुसावळला बाहेरच ४४-४५ अंश असतात.

आता मशीन बसतं म्हणजे आत नेमकं काय होतं ते बघू. स्क्रू मटण पुढे ढकलतो. समोर भोकांची जाळी, तिला चिकटून चार हातांचं पातं फिरतं. भोकात शिरलेला तुकडा पातं कापतं आणि मागचं मटण त्याला पुढे सारतं. हे कापणं कात्रीचं आहे, पात्याची सपाट बाजू आणि जाळीची सपाट बाजू यांच्यात फट नसली तरच होतं. मटणावरचा पांढरा पापुद्रा, शिरा, नसा कापायला सगळ्यांत अवघड. त्यातला एखादा धागा कापला गेला नाही की पात्याच्या बोडाला, म्हणजे मधल्या जाड भागाला, तकलीवरच्या सुतासारखा गुंडाळत जातो. त्यातलाच एक पदर पातं आणि जाळी यांच्या मध्ये सरकतो आणि पातं केसभर उचललं जातं. तिथून पुढे मशीन कापत नाही, चेंगरतं. चेंगरलं की घासणी वाढते, उष्णता वाढते, चरबी मऊ होऊन जाळीच्या भोकांत थापली जाते. पुढची वाट बंद, मागून स्क्रू ढकलतोय, दाब वाढतो, पट्टा घसरतो. हाताने फिरवताना हँडल जड झालं की माणूस आपोआप थांबतो आणि उघडून बघतो. मोटरला ते कळत नाही.

म्हणून पहिला नियम: अडकलेलं मशीन लगेच धुऊ नका. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मग पुढची रिंग खोला, जाळी आणि पातं जसंच्या तसं बाहेर काढा आणि उजेडात धरा. सगळी माहिती त्यावर लिहिलेली असते, नळाखाली धरलं की ती गेली.

जाळीवर तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं: पात्याच्या मधल्या बोडाला पांढऱ्या धाग्यांची गच्च वळी, जाळीची भोकं मात्र बरीचशी मोकळी. इथे मटण नीट साफ केलेलं नाही किंवा पात्याची धार बसलेली आहे. मानेचं आणि पुढच्या नळीचं मटण सगळ्यांत जास्त शिरांचं असतं, आणि खिम्याला लोक नेमकं तेच टाकतात, कारण रश्श्याला चांगले तुकडे ठेवायचे असतात. टाका, पण आधी पांढरा पापुद्रा सुरीने ओढून काढा आणि मटण शिरेच्या आडवं कापा. बोटाएवढ्या जाड पट्ट्या कापल्या तर स्क्रू त्या स्वतः ओढून घेतो, चौकोनी मोठे तुकडे तोंडाशीच नाचत राहतात. जून बोकड असेल तर पहिला फेरा ८ मिमीच्या जाळीतून काढा आणि दुसरा ४.५ किंवा ५ मिमीच्या. एकदम बारीक जाळीतून काढायचा हट्ट केला की वेळ वाचत नाही, तीन वेळा उघडावं लागतं.

इथेच पातं उलटं तर बसलेलं नाही ना, ते पण बघा. पात्याची एक बाजू सपाट असते, दुसरी बाजू हातांपाशी उतरती. सपाट बाजू जाळीकडे यायला हवी. धुऊन घाईत जोडताना हे उलटं होतं, आणि मग पहिल्या मुठीपासूनच लगदा पडतो. मशीन "पहिले दोन किलो नीट, मग लगदा" असं करत असेल तर मात्र पातं सुलटंच आहे, कारण दुसरीकडे शोधा.

दुसरं चित्र: सगळी जाळी एकसारखी पांढऱ्या, मेणचट थराने लिंपलेली, भोकं बुजलेली, पात्याला धागे फारसे नाहीत. हा उष्णतेचा दोष आहे, आणि आपल्या खानदेशात हाच सगळ्यांत जास्त. यावर मोटर, पट्टा, पुली कशानेही उपाय होत नाही. मटण गार करावं लागतं. दळताना ते ४ अंशांच्या आत असलं पाहिजे, आणि त्याहून चांगलं म्हणजे अर्धवट गोठलेलं: वरून कडक, पण बोटाने दाबलं की आत थोडं दबतं असं. पूर्ण दगड झालेलं नको, ते स्क्रूला मारतं. पट्ट्या कापून ताटात पसरून फ्रीझरमध्ये तासभर ठेवा, ढीग करून ठेवलं तर मधलं गरमच राहतं. मटणाबरोबर मशीनचा गळा, स्क्रू, पातं आणि जाळी पण फ्रीझरमध्ये ठेवा. हे लोकांना पटत नाही, पण उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं बिडाचं मशीन हाताला चटका देतं. त्यात गार मटण घातलं तर ते जाळीपर्यंत पोहोचायच्या आत कोमट होतं.

लाईट नसेल, किंवा कार्यक्रमाचं मटण जास्त असून फ्रीझर पुरत नसेल, तर बर्फाच्या फॅक्टरीतून लादी आणा. तीन भाग बर्फाला एक भाग जाड मीठ मारलं की तो शून्याच्या बराच खाली जातो, कुल्फीवाले तेच करतात. मटण मात्र स्टीलच्या झाकणाच्या डब्यात किंवा जाड पिशवीत बांधून बर्फात पुरा, बर्फाला थेट लावू नका. फॅक्टरीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम त्याचसाठी केलाय.

हे गार ठेवणं नुसतं मशीनसाठी नाही. अखंड मटणात जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा केला की तो पृष्ठभाग आतपर्यंत मिसळतो. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यात नुसतं ओट्यावर ठेवलेलं पातेलं त्याच पट्ट्यात असतं. म्हणून दळलेला खिमा लगेच शिजवा किंवा लगेच फ्रिजमध्ये टाका, आणि शिजवताना आतपर्यंत ७१ अंश, कोंबडीचा असेल तर ७४ अंश गाठले पाहिजेत. काळ्या मसाल्याचा खिमा नीट उकळला की ते होतंच, पण कबाब आणि वड्या वरून लाल आणि आतून कच्च्या राहतात, तिथे जपा.

आता तिसरं चित्र. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण स्वतः बनवलेल्या मशीनचं खरं दुखणं इथे असतं आणि ते कोणी बघत नाही. जाळीची अर्धी बाजू मोकळी, स्वच्छ. अर्धी बाजू लिंपलेली. पातं हातात घेऊन बघा, चारही हातांच्या सपाट बाजूवर चकाकी एकसारखी नाही, टोकाला आहे तर मुळाशी नाही. जाळीवर घासल्याचा पट्टा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नाहीसा. म्हणजे पातं जाळीवर आडवं बसत नाही, तिरकं बसतंय. एका बाजूला कापतं, दुसऱ्या बाजूला चेंगरतं. दोन किलो जाईपर्यंत कापणारी बाजू काम भागवते, मग चेंगरणाऱ्या बाजूची उष्णता सगळीकडे पसरते. "पहिले दोन किलो नीट" चं कोडं हेच आहे.

तिरकं का बसतं? बहुतेक मशीनांत हँडल काढून त्याच जागी मोठी पुली थेट स्क्रूच्या शेपटीवर बसवलेली असते. दिसायला सोपं काम. पण पट्टा पुलीला फिरवतो तसा ओढतोही. १० इंची पुलीवर ४० न्यूटन-मीटर पीळ द्यायचा तर पट्ट्याची ओढ सहज ४०-५० किलोच्या पुढे जाते. हँडलच्या मशीनमधलं मागचं बूश हाताच्या जोरासाठी बनवलेलं आहे, एकाच दिशेने सतत पडणाऱ्या एवढ्या ओढीसाठी नाही. स्क्रूची शेपटी मोटरच्या बाजूला खेचली जाते, पुढचं तोंड उलट बाजूला कलतं आणि पातं जाळीवरून एका कडेने उचललं जातं. पट्टा जितका ताणाल तितकं ते जास्त उचललं जातं. म्हणजे पट्टा घसरतो म्हणून ताणायचा, आणि ताणला म्हणून मशीन आणखी लवकर अडकायचं, असं चक्र सुरू होतं. फोनवर लोक सांगतात, "पट्टा टाईट केला तरी काही फरक नाही." फरक पडतो, पण उलटा.

उपाय असा. मोठी पुली स्क्रूवरून काढा. स्टँडवर दोन प्लमर ब्लॉक बेअरिंग (बोल्टने बसणारी, शाफ्ट धरणारी) बसवून त्यांच्यामध्ये वेगळा शाफ्ट घाला आणि पुली त्या शाफ्टवर बसवा. पट्ट्याची ओढ मग बेअरिंग घेतील. शाफ्टच्या टोकाला सॉकेट करा आणि ते हँडलच्या जागी स्क्रूच्या शेपटीवर नुसतं चढवा, वेल्ड नको, कसलेला बोल्ट नको. सॉकेट चारही बाजूंनी साधारण १ मिमी ढिलं आणि लांबीत २-३ मिमी मोकळं हवं. त्या सॉकेटने फक्त फिरवायचं, ढकलायचं किंवा ओढायचं नाही. मटण दाबताना स्क्रू मागे सरकू बघतो, तो दाब मशीनच्या आतल्या मागच्या वॉशरने घ्यायचा असतो. सॉकेट लांबीत गच्च असेल तर तो दाब गिअरबॉक्सवर किंवा बेअरिंगवर जातो, नाहीतर उलट स्क्रू मागे अडकून राहतो आणि पातं जाळीपर्यंत पोहोचत नाही. सगळं जोडल्यावर रिंग ढिली करून स्क्रू बोटाने हलवून बघा. किंचित हलला पाहिजे. हलत नसेल तर कुठेतरी गच्च आहे, तिथे मोटर चालवू नका.

तो मागचा वॉशर फायबरचा किंवा नायलॉनचा असतो आणि झिजतो. झिजला की स्क्रू मागे बसतो आणि रिंग कितीही आवळली तरी पातं सैलच राहतं. लेथवाल्याकडून खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या नायलॉनचा नवा कापून घ्या, किरकोळ काम आहे.

बैठक तपासायची सोपी रीत आहे. जाळी स्वच्छ, कोरडी करून तिच्या आतल्या बाजूवर स्केचपेनने पूर्ण रंग फासा. पातं, जाळी, रिंग नेहमीसारखी लावा आणि पट्टा काढून हाताने दोन-तीन फेरे द्या, फक्त दोन-तीन. उघडा. रंग गोल पट्ट्यात एकसारखा पुसला गेला असेल तर बैठक चांगली. चंद्रकोरीएवढाच पुसला असेल तर सरळ रेषेचा दोष आहे, म्हणजे स्क्रू तिरका बसतोय, तो आधी काढा. सगळीकडे ठिपक्या-ठिपक्यांनी पुसला असेल तर जाळी किंवा पातं सपाट राहिलेलं नाही, त्याला घासावं लागेल.

घासायला ५-६ मिमी जाड काचेचा सपाट तुकडा घ्या. त्यावर २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून पसरा आणि जाळी सपाट दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. पुरी बाजू एकसारखी मंद राखाडी झाली की ४०० आणि शेवटी ६०० चा पेपर. पात्याची सपाट बाजूही तशीच. पात्याची उतरती बाजू ग्राइंडरवर धरू नका, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि मग धार टिकत नाही. इंजिनच्या व्हॉल्व्हसाठी मिळणारी घासायची पेस्ट काही मिस्त्री सुचवतात, पण खिम्याच्या जाळीला मी ती लावू देत नाही. तिचे कण भोकांत बसतात आणि ते कोणाच्या तरी पोटात जाणार. घासून झाल्यावर गरम पाणी, साबण आणि बाटली धुवायचा ब्रश. आणि एक: जी जाळी ज्या पात्याबरोबर घासली ती त्याच पात्याबरोबर वापरायची. दोन जाळ्या असतील तर दोन पाती ठेवा आणि जोडीला पंचने खूण करा. एकाच पात्यावर आलटून-पालटून जाळ्या लावल्या की दोन्हींची बैठक जाते.

रिंग किती आवळायची? हाताने आवळून बसेल एवढी, पाना नको. मशीन कोरडं चालवून "आवाज कसा येतो" बघायची सवय सोडा. मटणाचा ओलावाच पात्याला आणि जाळीला वंगण देतो. कोरडं फिरलं की लोखंड लोखंडावर घासतं, काळपट पाणी सुटतं आणि धार मिनिटात जाते. सुरुवातीच्या मुठीत राखाडी रंग दिसला तर तेवढा खिमा टाकून द्या.

आता वेग आणि विजेकडे वळतो. मशीन जाळीशी नाही तर सुरू होतानाच अडत असेल, किंवा मोटर नुसती गुणगुणत असेल, तर हा भाग तुमच्यासाठी.

आधी पट्टा काढून मोटर एकटी चालवा. एकटीही फिरत नसेल पण शाफ्टला हाताने गती दिल्यावर फिरते असं वाटत असेल, तर स्टार्टिंगचा कपॅसिटर गेला. हात लावून बघायचा प्रयोग करू नका, थेट कपॅसिटर बदलून बघा, त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच आणि तेवढ्याच व्होल्टचा. काढताना दोन्ही टोकं रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायची. एकटी चांगली फिरते, पण मशीन जोडल्यावर गुणगुणते, तर व्होल्टेज मोजा, आणि ते मीटरपाशी नको, मोटरच्या टर्मिनलवर, सुरू होतानाच्या क्षणी. मोटरचा सुरुवातीचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर पीळ सुमारे ६० टक्के राहतो, १६० ला निम्म्याहून कमी. रब्बीत सगळ्या विहिरींवर पंप सुरू असताना खेड्यात १८० काही नवल नाही.

त्यात वायर बारीक. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे साधारण १८ ओहम विरोध असतो. घरापासून शेडपर्यंत ५० मीटर म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर, विरोध १.८ ओहम. १ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना ३०-३५ अँपिअर ओढते, म्हणजे ५०-६० व्होल्ट वायरीतच जातात. २.५ चौरस मिमीची वायर टाकली तर तोच तोटा पंचवीसच्या आत येतो. दोन एचपीची मोटर घेण्यापेक्षा हा खर्च कमी, आणि गुण त्याहून जास्त.

स्क्रूचा वेग १०० ते १५० फेऱ्यांच्या मध्ये ठेवा. तीनशेच्या आसपास फिरवलं की मटण जाळीत शिरण्याआधीच घुसळलं जातं, तोंडातून परत वर येतं, आणि जाळी तापते. एका टप्प्यात दहास एक उतरवायला लोक मोटरवर दोन इंची पुली आणि मशीनवर अवाढव्य चाक लावतात. ए सेक्शनच्या पट्ट्याला ३ इंचांपेक्षा लहान पुली मानवत नाही, वळसा कमी पडतो, पट्टा घसरतो आणि आतून तडकतो. दोन टप्पे करा: ३ वरून ९ इंच, मग परत ३ वरून १० इंच. १४४० चे बरोबर १४४ होतात. भंगारात दहास एकचा चांगला वर्म गिअरबॉक्स मिळाला तर सगळा पसारा वाचतो. कडबाकुट्टीची मोटर तात्पुरती वापरायची असेल तरी हरकत नाही, पण तिची कुट्टीवरची पुली बदलावी लागेल, आहे त्याच पुलीवर जोडून चालत नाही. दिशा पण बघा. हँडल ज्या बाजूने फिरवत होतो त्याच बाजूने शाफ्ट फिरला पाहिजे. उलटा फिरत असेल तर मटण तोंडाकडे परत येतं. मोटरच्या स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली की दिशा बदलते.

सॉकेटमध्ये एक कच्ची पिन ठेवा, ॲल्युमिनियमची किंवा पितळेची, ५ मिमीची. चुकून हाड गेलं, किंवा गोठलेला तुकडा अडला, तर ती तुटेल आणि बिडाचा गळा वाचेल. तिच्या जागी हाय टेन्साइल बोल्ट बसवायचा मोह होतो, कारण पिन "सारखी तुटते". पिन सारखी तुटत असेल तर वरच्या तीन चित्रांपैकी एक जाळीवर आहेच, तिकडे जा. हाडं या मशीनसाठी नाहीत. बरगडीचं कवळं हाडही नाही.

बोटांबद्दल मी कोणाचं ऐकून घेत नाही. मटण ढकलायला लाकडी किंवा नायलॉनचा दट्ट्या, आणि तोंडाची नळी एवढी उंच की बोट स्क्रूपर्यंत पोहोचणारच नाही. हँडलवर बोट सापडलं तर माणूस थांबतो, १ एचपी थांबत नाही. दोन्ही पट्ट्यांवर पत्र्याचं कव्हर हवं, पदर, ओढणी, उपरण्याचं टोक ओढायला पट्ट्याला क्षण लागत नाही. बटण उभ्या माणसाच्या गुडघ्याशी, लाल आणि मोठं, म्हणजे हात भरलेले असताना गुडघ्याने बंद करता येतं. ओले हात, लोखंडी स्टँड आणि ओला ओटा, म्हणून अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं असावं आणि लाईनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) असावी. लहान मुलं दळताना जवळ नकोत.

काम झाल्यावर शेवटी एक मूठ ब्रेडचा चुरा किंवा भिजवून निथळलेली ज्वारी मशीनमधून काढली की आतलं मटण बरंचसं बाहेर येतं. मग प्लग काढून सुटे भाग गरम पाण्याने धुवा, आधी थंड पाण्याचा हात मारून, नाहीतर मटणाचा अंश उष्णतेने चिकटतो. बिडाच्या मशीनवरचा कथलाचा मुलामा झिजला असेल तर गंज रात्रीत धरतो, म्हणून लगेच कोरडं पुसा, थोडा वेळ उन्हात ठेवा आणि खायच्या तेलाचा पातळ हात फिरवा. बेअरिंगचं ग्रीस मटण लागणाऱ्या कुठल्याही भागाला नको. पातं आणि जाळी जोडीने वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा, डब्यात खुळखुळत पडली की घासलेली बाजू खवले पडून वाया जाते. पुढच्या वेळी लावण्याआधी तेल पुसून काढा आणि दळायच्या आदल्या रात्री जोडी तशीच फ्रीझरमध्ये टाका.

हे सगळं करूनही मशीन बसलं तर मला नुसतं "अडकलं" असं सांगू नका. जाळीचा न धुतलेला फोटो, स्केचपेनच्या तपासणीचा फोटो, मोटरच्या टर्मिनलवरचं सुरू होतानाचं व्होल्टेज आणि दोन्ही टप्प्यांच्या पुल्यांची मापं, एवढं लागतं. मटण कापल्यापासून किती वेळाने दळलं, तेही सांगा.